कोकणात सहकुटुंब हिवाळी पायपीट: आधी तिथी बघा, मग ठिकाणं

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जानेवारीत पाच दिवस, तुम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. डोंबिवलीहून निघायचं आहे. गाडीतून देवळं आणि किनारे उरकायचे नाहीत, रोज पायी फिरायचं आहे, डोंगर हवा आणि समुद्रही हवा. सोबत यादी दिलीत: रायगड, महिपतगड, गणपतीपुळे, मालवणचा सिंधुदुर्ग.

ही यादी बाजूला ठेवा. ठिकाणं वाईट नाहीत, पण ती तीन जिल्ह्यांत पसरली आहेत. पाच दिवसांत ही चार ठिकाणं म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाची सहल. चालणं होईल ते पार्किंगपासून तिकीटखिडकीपर्यंत. पायी फिरायचं असेल तर एकच तालुका धरा, एकाच घरात पाचही दिवस राहा आणि रोज सकाळी त्या घराच्या उंबऱ्यावरून चालायला लागा. मी दापोली तालुका सांगेन. दापोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर आहे, त्यामुळे पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. आणि सडा (वरचं कातळाचं पठार), उतार, खाडी, आगर (नारळी-पोफळीची बाग), पुळण (वाळूचा किनारा) हे सगळं एकमेकांच्या इतकं जवळ फार थोड्या ठिकाणी सापडतं. मुक्काम मात्र दापोली शहरात नको. आंजर्ले, मुरूड, केळशी या बाजूच्या एखाद्या गावात, घरगुती जेवण मिळेल अशा घरी करा. मी आंजर्लं धरून पुढचं लिहितो.

आता तारखा. बहुतेक लोक शाळेची सुट्टी आणि खोलीचा दर बघून तारीख ठरवतात. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा तर टाळाच; खोल्या मिळत नाहीत आणि किनाऱ्यावर लोक गाड्या घालतात. (वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत काढायला गावकरी धावतात ते गाडीवाल्याच्या दयेपोटी, त्याच्या अकलेच्या कौतुकापोटी नव्हे.) पण गर्दीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथी. कोकणात पुळणीवरून चालायचं असेल तर ओहोटी हवी, आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर चालण्याजोगी वेळ म्हणजे दुपारी चार ते सूर्यास्त. या दोन्ही गोष्टी जुळतात त्या महिन्यातल्या ठरावीक दिवशीच.

हिशेब सोपा आहे, किनाऱ्यावरची जुनी माणसं तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा वाजता. दिवसा तीच आणि रात्रीही साधारण तीच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाला पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असेल आणि वाळू उघडी पडेल ती भर दुपारी बाराला, जेव्हा तिच्यावर पाय ठेवायची कुणाची इच्छा नसते. उलट त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमारास, चतुर्दशीला पावणेपाचला, पौर्णिमेला साडेपाचला आणि पुढचे दोन दिवस आणखी उशिरा. म्हणून त्रयोदशीला पोचा आणि द्वितीयेपर्यंत राहा. चतुर्दशीपासून तर चारला पुळणीवर उतरता तेव्हा पाणी मागे हटत असतं, म्हणजे परतताना वाट रुंदच झालेली मिळते. शिवाय तेव्हा उधाणाचे दिवस असतात, पाणी लांबवर जातं आणि ओली घट्ट वाळू भरपूर उघडी पडते. कोरड्या भुसभुशीत वाळूतून एक किलोमीटर चालणं आणि ओल्या घट्ट वाळूवरून तीन, दोन्हींत पोटऱ्या सारख्याच भरतात.

पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही चालतील, मी पौर्णिमा घेईन. सूर्य बुडताना चंद्र वर येतो, मुलांना अंधाराची भीती उरत नाही. तिथीचा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक फोनवर बघा आणि गावातल्या कोळ्याला विचारा. दोघांचं जुळलं नाही तर कोळ्याचं ऐका.

दिवसाचं घड्याळ असं लावा. जानेवारीत इकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, गार आणि कोरडा. दहा-साडेदहानंतर तो पडतो आणि मग उन्हाचा तडाखा सुरू. हिवाळा म्हणून फसू नका. दुपारी पारा तिशीच्या पुढे सहज जातो आणि काळ्या-तांबड्या कातळावर तो आणखी जाणवतो. त्यामुळे चढ आणि सडा सकाळी, साडेदहाच्या आत सावलीत. दुपारी जेवण, पडवीत झोप, पत्ते. संध्याकाळी पुळण. हे उलटं करायचा मोह होतो, कारण सकाळी समुद्र बघावासा वाटतो. बघा, पण चहाचा कप हातात घेऊन.

किती चालायचं? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर हजार फूट चढाला अर्धा तास जादा. तो धडधाकट प्रौढांसाठी होता. सात वर्षांचं मूल बरोबर असेल तर निघालेल्या वेळेची दुप्पट करा, आणि त्यात शिंपले, खेकड्यांची बिळं, धनेश पक्षी दिसला म्हणून थांबणं, सगळं धरलं असं समजा. माझ्या मते तुमच्यासाठी सकाळी चार-पाच किलोमीटर आणि संध्याकाळी तीन-चार, इतकं पुष्कळ. आकडा ऐकून नवरोबा नाक मुरडतील. मुरडू द्या, तिसऱ्या दिवशी तेच दुपारी सगळ्यांत आधी घोरतील.

गावात वाट विचारलीत तर उत्तर येईल, 'हे काय, पुढंच आहे.' हे 'पुढंच' अर्ध्या किलोमीटरपासून चार किलोमीटरपर्यंत काहीही असू शकतं. अंतर विचारू नका, वेळ विचारा, आणि तीही 'म्हाताऱ्या माणसाला किती लागेल' अशी.

पहिल्या दिवशी पोचेपर्यंत दुपार होईल. चारला नुसतं किनाऱ्यावर जा, तासभर चाला, बस. दुसऱ्या सकाळी आंजर्ल्यातून पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, कड्यावरच्या गणपतीला चढा. जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), वर नारळी-पोफळीची सावली. चढ छोटा आहे पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे मुलांना मजा आणि गुडघ्यांना सजा. वरून सुवर्णदुर्ग, हर्णै बंदर आणि जोग नदीची खाडी एका नजरेत येते. पुढे लगेच खाली पळू नका, वरच्या सड्यावर तासभर भटका. पिवळं पडलेलं गवत, मधेच काजूची झाडं, आणि थंडी नीट पडली असेल तर खालच्या बागांतून आंब्याच्या मोहोराचा वास. बागेत मात्र शिरू नका. मोहोराच्या दिवसांत फवारण्या चालू असतात, आणि राखणीला कुत्रे असतात.

तिसरा दिवस पन्हाळेकाजीचा. तेवढी एक रिक्षा किंवा जीप सांगावी लागेल, आणि सकाळी लवकर निघावं लागेल. कोटजाई नदीच्या काठावर एकोणतीस लेणी आहेत, आधी बौद्ध, पुढे गाणपत्य आणि नाथपंथी. शेवटचं लेणं बाकीच्यांपासून दूर आहे, तिथपर्यंत चाललात की पायपीट झाली. वेरूळची भव्यता नाही, म्हणूनच मुलांना इथे जास्त आवडतं. कुणी 'हात लावू नका' ओरडत नाही. अर्थात हात लावायचा नाहीच, ते तुम्ही सांगायचं. परतताना उन्हवरे इथे गरम पाण्याचं कुंड आहे. गंधकाचा वास येतो, नाक मुरडून का होईना सासूबाईंचे पाय त्या पाण्यात बुडवा.

चौथ्या दिवशी केळशी. आडे, पाडले करत जाणारी किनाऱ्याची बाजू रम्य आहे, पण सगळी पायी करण्याच्या फंदात पडू नका. एसटीने किंवा रिक्षाने जा आणि केळशीत चाला. महालक्ष्मीचं देऊळ, अरुंद पाणंदी, आगरं आणि वाळूची मोठी टेकडी. पोरं त्या टेकडीवरून लोळत खाली येतील, कपड्यांची आशा सोडा. संध्याकाळच्या ओहोटीला तिथल्याच पुळणीवर. इथे एक नियम कडक पाळा: खाडीच्या तोंडाशी पाणी कितीही उथळ दिसलं तरी पायी ओलांडायचं नाही. उतरत्या पाण्याला तिथे ओढ असते आणि तळाची वाळू पायाखालून सरकते. पलीकडे जायचं तर पुलावरून.

पाचव्या दिवशी हर्णै. समुद्रात सुवर्णदुर्ग आणि काठावर गोवा, कनकदुर्ग, फत्तेगड ही छोट्या किल्ल्यांची पिल्लं. सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार होता, १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने घेतला, आणि त्या लढाईत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. मुलांना हे शेवटचं वाक्य सांगा आणि पुढचा तासभर प्रश्नांची तयारी ठेवा. होडीने किल्ल्यावर जाता येतं, पण गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. सासूबाईंनी काठावर गोवा किल्ला बघावा. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायचा असेल तर आदल्या कुठल्यातरी संध्याकाळी, पुळण बुडवून. एक संध्याकाळ त्याच्यासाठी बुडवावी अशा लायकीचा तो आहे.

डोंगरी किल्ला हवाच असा मुलाचा हट्ट असेल तर पन्हाळेकाजीऐवजी खेडजवळचा रसाळगड घ्या. वाहन बऱ्यापैकी वरपर्यंत जातं, चढ थोडा, वर झोलाईचं देऊळ, तोफा, आणि समोर सह्याद्रीची भिंत. महिपतगड आणि सुमारगड यांना हात लावू नका. त्या वाटा घसाऱ्याच्या आहेत, जंगलात फुटतात, आणि सात वर्षांच्या मुलाला तिथे काही मिळत नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही 'त्या घरी बसतील, त्यांचं काही नाही' असं लिहिलंय. त्यांना विचारलंत का? सहासष्ट म्हणजे काही फार नाही, कोकणात त्या वयाच्या बायका डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाखाडी उतरतात. फरक सवयीचा आहे. गुडघे दुखतात ते चढताना नव्हे, उतरताना. म्हणून त्यांची वाट अशी आखा की चढ पायी आणि उतार रिक्षाने, किंवा थेट सड्यावर गाडीने पोचून सपाटीवर चालणं. कड्यावरच्या गणपतीपर्यंत रस्ता आहेच. दोन काठ्या द्या; बाजारातल्या घडीच्या नसतील तर घरमालकाकडे बांबू असतोच. आणि रोज सगळ्यांनी एकत्र चाललंच पाहिजे असं नाही. एका सकाळी मोठी मुलगी आणि बाबा लांब जाऊ देत, धाकटा आजीबरोबर आगरात पाटाचं पाणी वळवू दे.

भीती कशाची, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लोक बिबट्याबद्दल विचारतात. बिबट्या आहे, पण दिवसा माणसांच्या गलक्याच्या वाटेला तो जात नाही. अंधार पडायच्या आत घरी आणि मुलं मोठ्यांच्या मधे, एवढं पुरे. माझ्या हिशेबात हिवाळ्यातला खरा शत्रू खाजकुइली आहे. डिसेंबरपासून तिच्या शेंगा वाळतात, तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, आणि मुलांचा हात तिकडेच जातो. त्यावरची लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागलीच तर चोळायचं नाही, खाजवायचं नाही; चिकटपट्टी लावून उपटून काढायची, मग धुवायचं, आणि कपडे वेगळे ठेवायचे. पहिल्याच दिवशी घरमालकाला ती शेंग लांबून दाखवायला सांगा. दुसरी पीडा कुसळांची. लोकरी मोजे आणि मऊ कापडाच्या विजारी त्यांना फार आवडतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला.

साप थंडीत कमी दिसतात, पण फुरसं सकाळी उन्हाला दगडावर येतं आणि त्याचा रंग कातळासारखाच असतो. गडग्यावर न बघता हात टेकायचा नाही, दगड उलटायचे नाहीत. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. पाय स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन लावा, आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. विंचवासाठी बूट रोज झाडून घाला. लाल विंचवाचा दंश मुलांना धोक्याचा असतो, पण त्यावर प्राझोसिन हे औषध आता सर्रास वापरतात. ते उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवले, म्हणजे हा या कोकणचाच अनुभव आहे. त्यामुळे मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. किल्ल्यावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, दगड, आरडाओरडा काही नको, गुपचूप मागे फिरा.

उद्या कुणी तुम्हाला दापोलीऐवजी तळकोकणातलं, दोडामार्गाकडचं जंगल सुचवेल. सुंदर आहे, पण तिकडे २०१६ पासून माकडताप आढळला आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम जानेवारी ते मे. मुलांना घेऊन रानात शिरायला हे महिने मी तिथे निवडणार नाही. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं मात्र पुढच्या सहलीसाठी लिहून ठेवा. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, उक्षी आणि कशेळीचे हत्ती मुलांना वेड लावतात. ती बघायची सकाळी कोवळ्या तिरप्या उन्हात. दुपारी रेषा दिसतच नाहीत आणि पाय भाजतात.

गावात देवराहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, लागेल. आत जायचं की नाही ते गावकऱ्यांना विचारा, चपला काढायला सांगितल्या तर काढा, आणि वाळकी काटकीसुद्धा उचलू नका.

सामान थोडं. महिनाभर पायात असलेले बूट, नवे नकोत. पाण्यात चालतील अशा पट्ट्याच्या चपला वेगळ्या. टोप्या, शिट्ट्या, विजेरी, मीठ-साखरेची पुडी. मोठ्यांना सकाळच्या फेरीला माणशी दीड लिटर पाणी, मुलांना त्याच्या अर्धं. सड्यावरचे पऱ्हे (ओढे) जानेवारीत आटलेले असतात, वाटेत भरून घेऊ ही आशा नको. गवतावर आठ-साडेआठपर्यंत दव असतं, बूट भिजतात, जादा मोजे घ्या. खाण्याची काळजी करू नका. सकाळी घावन किंवा दडपे पोहे, दुपारी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, मासे खात असाल तर प्रश्नच मिटला. घरमालकाला फक्त सांगा की न्याहारी सातला हवी. तो म्हणेल आठ. सातवर अडून राहा, नाहीतर सगळं घड्याळ कोलमडतं.

गाडी आणू नका. एका बाजूने चालत जाऊन दुसरीकडून परतायचं असतं तेव्हा उभी गाडी पाय ओढते. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी तुम्हाला सोयीची, सकाळी निघते आणि खेडला दुपारच्या आत सोडते. आरक्षित जागा हवी असेल तर मांडवी एक्सप्रेसही खेडला थांबते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तिथी ठरली की त्या दिवसाची खूण कॅलेंडरवर करून ठेवा. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, एसटी आहे, पुढे आंजर्ल्याला वेगळी. गावात पोचल्यावर पहिलं काम, एसटीच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्या, खास करून वस्तीच्या गाडीची. ती रात्री गावात मुक्कामाला असते आणि भल्या पहाटे सुटते. परतीच्या दिवशी तीच पकडून दापोली गाठायची असेल तर सामान आदल्या रात्री बांधा आणि चालकाला झोपण्याआधी सांगून ठेवा, पाच माणसं आहेत, त्यातली एक आजी.